मधुमेह झाल्यावर आवडीचं कसं खायचं: नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

मधुमेहाचं निदान झालं की आठवडाभरात न मागता सल्ले मिळायला लागतात. साखर बंद, भात बंद, बटाटा बंद, फळं बंद. घाबरलेला माणूस सगळं एकदम सोडतो, काही दिवस निकरानं पथ्य पाळतो आणि मग एका संध्याकाळी आइस्क्रीमचा अख्खा डबा संपवतो. त्यानंतर येते ती अपराधी भावना, आणि तिच्या पोटी ‘आपल्याला हे जमणारच नाही’ असं वाटणं. माझ्या मते नव्या रुग्णाचं सगळ्यात जास्त नुकसान या वाटण्यानं होतं. म्हणून हा लेख आवडीचे पदार्थ कसे सोडायचे याबद्दल नाही. ते किती खायचे, कधी खायचे, कशासोबत खायचे आणि आपल्या शरीराला काय झेपतं हे स्वतः कसं तपासायचं, याबद्दल आहे.

साखरेच्या या धास्तीला जुना इतिहास आहे. इन्सुलिन हाती येण्याआधी रुग्णाला जवळजवळ उपाशी ठेवणं हाच उपचार होता. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं आणि काळ बदलला. साखरेवरची बंदी मात्र पुढेही बरीच वर्षं टिकली. अमेरिकन डायबिटीस असोसिएशननं १९९४ च्या आहारसूचनांमध्ये स्पष्ट म्हटलं, की साखरेला पूर्ण मनाई करण्याची गरज नाही. ती इतर कर्बोदकांच्या (भात, पाव, बटाटा, फळं यांतल्या स्टार्च आणि साखरेच्या) बदल्यात, एकूण हिशोबात धरून खाता येते. यातला ‘बदल्यात’ हा भाग नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

पहिली पायरी: आपली औषधं ओळखा

खाण्यात काहीही बदल करण्याआधी हे करायचं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या चालू असतील आणि तुम्ही उत्साहाच्या भरात कर्बोदकं निम्मी केलीत, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. नुसतं मेटफॉर्मिन चालू असेल तर हा धोका फार कमी असतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांनी कर्बोदकं अगदीच तोडली तर किटोअॅसिडोसिसचा (रक्तात आम्ल साचण्याच्या गंभीर अवस्थेचा) धोका वाढतो, आणि तेव्हा ग्लुकोमीटरवरची, म्हणजे घरी थेंबभर रक्तातून साखर मोजणाऱ्या यंत्रावरची साखर फार चढलेलीही दिसत नाही. म्हणून डॉक्टरांना आधी विचारा: ‘मी खाणं कमी केलं तर डोस बदलावा लागेल का?’ या एका प्रश्नानं पुढचा बराच त्रास वाचतो.

दुसरी पायरी: आवडीची यादी करा

वहीत दोन रकाने आखा. एकात खरोखर जीव अडकलेले पदार्थ लिहा. दुसऱ्यात नुसत्या सवयीनं पोटात जाणारे लिहा: टीव्हीसमोरची बिस्किटं, दुपारचं थंड पेय, चौथा कप चहा. दुसरा रकाना बहुतेकांच्या अपेक्षेपेक्षा बराच लांब निघतो. कात्री तिथे लावायची. पहिला रकाना राखून ठेवायचा.

त्यातही सुरुवात गोड पेयांपासून करा. ३३० मिलिलिटरच्या साध्या कोलाच्या कॅनमध्ये सुमारे ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे जवळजवळ नऊ चमचे. द्रव असल्यामुळे ती पोटात थांबत नाही, भरभर रक्तात उतरते आणि पोटही भरत नाही. फळांच्या रसाचंही तेच. अख्खं संत्रं खाल्लं की चोथा पोटात जातो, चावायला वेळ लागतो आणि एकावर माणूस थांबतो. रसाच्या एका ग्लासात तीन-चार संत्री सहज जातात. नऊ चमचे साखर खर्चायचीच असेल तर ती पहिल्या रकान्यातल्या पदार्थावर खर्च होऊ दे.

तिसरी पायरी: कर्बोदकं मोजायला शिका

जेवणानंतर साखर किती चढणार हे मुख्यतः जेवणातल्या एकूण कर्बोदकांवर ठरतं. ती गोड लागतात की नाही, याचा त्यात फारसा वाटा नाही. मोजायला सोपं जावं म्हणून बऱ्याच ठिकाणी १५ ग्रॅम कर्बोदकांचा एक वाटा धरतात. पावाची एक स्लाइस म्हणजे साधारण एक वाटा. शिजलेला भात एक तृतीयांश कप, अर्धं मोठं केळं, एक लहान सफरचंद, अर्धा कप साधं आइस्क्रीम हेही प्रत्येकी साधारण एकेक वाटा. कपभर दुधात सुमारे १२ ग्रॅम कर्बोदकं असतात. साखर न घालताही, कारण दुधाची स्वतःची साखर असते.

पहिले पंधरा दिवस स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि मोजायचा कप हाताशी ठेवा. नेहमी घेता तेवढा भात ताटात वाढून घ्या आणि मग तो कपानं मोजा. ‘थोडासाच’ म्हणून वाढलेला भात दीड कप भरतो, म्हणजे ६५-७० ग्रॅम कर्बोदकं एकट्या भातातून. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की अंदाज बसतो आणि काटा रोज लागत नाही.

आता ‘बदल्यात’चा अर्थ उलगडतो. समजा, आहारतज्ज्ञांनी तुमच्या जेवणाला ४५ ग्रॅम कर्बोदकं ठरवून दिली आहेत. जेवणानंतर अर्धा कप आइस्क्रीम हवं असेल तर भात एक कपाऐवजी दोन तृतीयांश कप घ्या. बेरीज तीच राहते. भात पूर्ण खाऊन वर आइस्क्रीम घेतलं की बेरीज बिघडते, आणि दोष मात्र एकट्या आइस्क्रीमवर जातो. रोज ही अदलाबदल करू नका, कारण भाताच्या जागी आइस्क्रीम आलं की स्निग्ध पदार्थ आणि उष्मांक वाढतात. पण आठवड्यातून एक-दोनदा असं खाणं, आणि तेही मनापासून, बसून, चवीनं, यात काहीच वावगं नाही.

पाकिटावरचा तक्ता वाचताना नव्या माणसाची नजर ‘साखर’ या ओळीवर थांबते. ती त्याच्या वरच्या, ‘एकूण कर्बोदके’ या ओळीवर न्या. समजा एका बिस्किटाच्या पुड्यावर १०० ग्रॅममागे साखर २ ग्रॅम आणि एकूण कर्बोदकं ६८ ग्रॅम लिहिली आहेत. उरलेली ६६ ग्रॅम म्हणजे बहुतेक मैदा, आणि तो पोटात जाऊन ग्लुकोजच होतो. ‘साखर घातलेली नाही’ याचा अर्थ वरून साखर टाकलेली नाही इतकाच. फळांची किंवा दुधाची स्वतःची साखर त्यात असू शकते. शिवाय आकडे १०० ग्रॅमचे आहेत की एका वाढपाचे, हेही बघा. वाढप दोन बिस्किटांचं धरलेलं असतं आणि आपण सहा खातो.

चौथी पायरी: मीटरला विचारा

माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची पायरी ही आहे. इस्रायलमधल्या वाइझमान संस्थेच्या संशोधकांनी २०१५ मध्ये आठशे लोकांच्या साखरेवर सतत नजर ठेवली. तेच अन्न खाऊन वेगवेगळ्या माणसांची साखर फार वेगवेगळी चढते, असं त्यांना दिसलं. म्हणून कुणाला केळं चालतं आणि कुणाला नाही, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तुम्हाला चालतं का, हे तुमचा ग्लुकोमीटर सांगेल.

पद्धत अशी. आवडीचा एकच पदार्थ निवडा. खाण्याआधी साखर तपासा. मोजून खा. पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी पुन्हा तपासा. दोन्ही आकडे, पदार्थ आणि त्याचं माप वहीत लिहा. गर्भवती नसलेल्या बहुतेक प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) हे प्रचलित लक्ष्य आहे. गरोदरपणात ते कडक असतं, दोन तासांनी १२० च्या आत. वयस्कर किंवा इतर आजार असलेल्यांना डॉक्टर सैल लक्ष्यही देतात.

तपासण्याआधी हात धुवा आणि कोरडे करा. हे पुस्तकी वाटतं, पण संत्रं सोलून त्याच बोटानं थेंब काढला तर सालीवरची आणि रसातली साखर स्ट्रिपवर जाते आणि आकडा भलताच मोठा येतो. घाबरून जास्त इन्सुलिन घेण्याची वेळ यामुळे येऊ शकते. धुणं शक्यच नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्या.

एका आकड्यावर निकाल देऊ नका. अपुरी झोप, ताण, आजारपण, आदल्या दिवशीची मेहनत या सगळ्यांचा परिणाम होतो. शिवाय घरच्या मीटरसाठी १०० च्या वरच्या आकड्यात पंधरा टक्के इकडेतिकडे चालतात. १६० दिसलं तर खरा आकडा १३६ ते १८४ मध्ये कुठेही असू शकतो. म्हणून तोच पदार्थ तितकाच, वेगवेगळ्या दिवशी दोन-तीनदा तपासा आणि मग मत बनवा. वाढ नेहमीच चाळीसच्या आसपास असेल तर पदार्थ तुमचा आहे. दरवेळी शंभरानं चढत असेल तर आधी माप निम्मं करून बघा. थेट बंदीवर जाऊ नका.

पिझ्झासारखे स्निग्ध आणि पिठूळ पदार्थ फसवतात. स्निग्धांशामुळे पोट हळू रिकामं होतं, दोन तासांचा आकडा छान येतो आणि साखर चार-पाच तासांनी चढते. अशा जेवणानंतर झोपण्याआधी आणखी एकदा तपासा.

पाचवी पायरी: तोच पदार्थ, कमी चढ

खाण्याचा क्रम बदला. आधी भाज्या आणि प्रथिनं, शेवटी भात, पाव किंवा गोड. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमध्ये २०१५ मध्ये मेटफॉर्मिन घेणाऱ्या ११ जणांवर हे करून पाहिलं. त्याच जेवणाचा क्रम बदलल्यावर तासाभरानंतरची साखर सुमारे ३७ टक्क्यांनी कमी आली. अभ्यास छोटा आहे, पण याला काही खर्च नाही आणि तुमचा मीटर दोन दिवसांत सांगेल की तुमच्याबाबतीत हे लागू पडतं का. त्यातून एक नियम आपोआप निघतो: गोड खायचं तर जेवणाच्या शेवटी, रिकाम्या पोटी नाही.

जेवून उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. न्यूझीलंडमधल्या २०१६ च्या अभ्यासात दिवसातून कधीही एकदा अर्धा तास चालण्यापेक्षा तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं चालणं जेवणानंतरच्या साखरेसाठी सरस ठरलं. फरक रात्रीच्या जेवणानंतर सगळ्यात जास्त होता.

भात शिजवून फ्रिजमध्ये गार केला तर त्यातल्या थोड्या स्टार्चचं रूप बदलतं आणि ते पचायला अवघड होतं. चढ थोडी कमी होते. पण म्हणून भात हिशोबाबाहेर जात नाही. करणार असाल तर भात तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर तसाच राहू देऊ नका. त्यात पोट बिघडवणारे जंतू वाढतात.

सहावी पायरी: गोडीचे पर्याय समजून घ्या

आधी एक गैरसमज. मध, गूळ, ब्राउन शुगर, नारळाची साखर, खजुराचा पाक यांना मधुमेहासाठी साखरेचे पर्याय समजू नका. रक्तापर्यंत पोचल्यावर ही साखरच आहे. चहाचा सपाट चमचाभर साखर म्हणजे ४ ग्रॅम कर्बोदकं. तोच चमचा मधाचा भरला तर सुमारे ६ ग्रॅम, कारण मध जड असतो. मध चवीला आवडत असेल तर जरूर घ्या, फक्त औषध म्हणून घेऊ नका आणि हिशोबात धरा.

खरे पर्याय दोन प्रकारचे. पहिला प्रकार अतिगोड पदार्थांचा. चिमूटभर लागतात, म्हणून कर्बोदकं नगण्य. सॅकरिन यातलं सगळ्यात जुनं, १८७९ मधलं, आणि मागे किंचित कडवट चव सोडणारं. अॅस्पार्टेम १९६५ मध्ये सापडलं; साखरेच्या सुमारे २०० पट गोड. फार वेळ उकळलं की त्याची गोडी जाते, म्हणून चहा गाळून झाल्यावर घाला. सुक्रालोज सुमारे ६०० पट गोड आहे. स्टीव्हिया वनस्पतीच्या पानांतून येतं. त्याची चव काहींना जेष्ठमधासारखी वाटते आणि ती सगळ्यांना रुचत नाही.

अॅस्पार्टेमबद्दल भीती ऐकली असेल. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं त्याला ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकलं. त्या गटाचा अर्थ पुरावा तोकडा आहे असा होतो. त्याच वेळी संघटनेच्या अन्नविषयक तज्ज्ञ समितीनं दररोजची मर्यादा शरीराच्या वजनाच्या किलोमागे ४० मिलिग्रॅम अशी कायम ठेवली. ६० किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसात डाएट पेयाचे आठ-बारा कॅन लागतील. एक-दोन कप चहातल्या गोळ्या त्याच्या जवळपासही जात नाहीत. मात्र फिनाइलकीटोन्यूरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी अॅस्पार्टेम टाळायलाच हवं. गर्भवतींनी कोणताही पर्याय वापरण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

त्याच वर्षी मे महिन्यात संघटनेनं वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा पर्यायांवर अवलंबून राहू नका असंही सांगितलं. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती सूचना लागू नव्हती, पण तिच्यातलं तथ्य घेण्यासारखं आहे. डाएट पेय प्यायलं म्हणून केकचा मोठा तुकडा माफ होत नाही.

पुडीतल्या पर्यायाचा पाठीमागचा मजकूरही वाचा. चिमूटभर पदार्थ पुडीत भरता यावा म्हणून त्यात डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन मिसळतात, आणि ही दोन्ही साखर झपाट्यानं चढवणारी आहेत. एका पुडीत सुमारे ग्रॅमभर, म्हणून चहात काही बिघडत नाही. केकमध्ये कपभर भुकटी ओतली की त्याचे वीसेक ग्रॅम होतात.

दुसरा प्रकार शुगर अल्कोहोलचा: सॉर्बिटॉल, माल्टिटॉल, झायलिटॉल, एरिथ्रिटॉल. यांचा दारूशी संबंध नाही. ‘शुगर-फ्री’ चॉकलेटमध्ये बहुधा माल्टिटॉल असतं, आणि ते साखरेइतकं नसलं तरी रक्तातली साखर चढवतं. म्हणून ‘शुगर-फ्री’ पाहून अख्खी वडी संपवू नका. जास्त झालं की पोट फुगतं, जुलाब होतात. नवीन असाल तर आधी एक-दोन तुकडेच खाऊन बघा. एरिथ्रिटॉलनं साखर जवळजवळ चढत नाही, पण रक्तातलं त्याचं जास्त प्रमाण आणि हृदयविकार, पक्षाघात यांचा संबंध दाखवणारं संशोधन २०२३ मध्ये आलं. कारण आणि परिणाम त्यातून सिद्ध झालेले नाहीत, तरी हृदयाचा त्रास असेल तर मी ते रोज चमच्यांनी वापरणार नाही. घरात कुत्रा असेल तर झायलिटॉल त्याच्या तोंडी लागणार नाही असं ठेवा. थोडंसंही त्याच्या जिवावर बेतू शकतं.

घरी केक करत असाल तर साखर पूर्ण काढू नका. ती केकला ओलावा, फुगीरपणा आणि तांबूस रंग देते, आणि हे काम सुक्रालोज करत नाही. आधी कृतीतली पाव हिस्सा साखर कमी करा. बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. मग उरलेल्यातली निम्मी पर्यायानं बदला. व्हॅनिला, दालचिनी, वेलची यांनी गोडी जास्त भासते.

आणि चहा-कॉफीत पर्यायापेक्षाही चांगला मार्ग म्हणजे गोडीच उतरवत नेणं. दर आठवड्याला पाव चमचा कमी करा. दीड-दोन महिन्यांत जीभ सरावते आणि पूर्वीचा कप नकोसा गोड लागतो.

सातवी पायरी: साखर उतरली तर

पर्यायांची सवय लागलेल्या घरात एक चूक जीवघेणी ठरू शकते. हात थरथरतात, घाम फुटतो, डोकं चालत नाही, मीटर ७० च्या खाली दाखवतो. आणि घाईत कुणीतरी डाएट पेय हातात देतं. त्यात ग्लुकोज नाही, त्यामुळे त्याचा काडीचा उपयोग नाही. अशा वेळी १५ ग्रॅम खरी साखर लागते: चार चमचे साखर पाण्यात, अर्धा ग्लास फळांचा रस किंवा ग्लुकोजच्या गोळ्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच द्या. चॉकलेट देऊ नका, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज या गोळ्या चालू असतील तर साध्या साखरेचा परिणाम लांबतो, अशा रुग्णाला ग्लुकोजच द्यायला हवं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट रुग्णवाहिका बोलवा.

घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा. साध्या साखरेचा डबा आणि पर्यायाचा डबा वेगवेगळ्या रंगांचे ठेवा आणि वर मोठ्या अक्षरात लिहा.

आठवी पायरी: ज्या दिवशी जास्त होतं

समारंभ असतो, आग्रह असतो, खाणं जास्त होतं. पुढचं जेवण चुकवून भरपाई करू नका. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना उपास केला की साखर कोसळू शकते. भरपूर पाणी प्या, चाला, पुढचं जेवण नेहमीसारखं घ्या. इन्सुलिन घेत असाल तर आकडा लगेच उतरत नाही म्हणून तासाभरात दुसरा डोस घेऊ नका; पहिला अजून काम करत असतो. एका दिवसाच्या आकड्यानं फार बिघडत नाही, कारण एचबीएवनसी ही रक्ततपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते.

ती तपासणी साधारण तीन महिन्यांनी करतात, आणि बऱ्याच प्रौढांसाठी ७ टक्क्यांच्या आत हे लक्ष्य असतं. त्या भेटीला नुसता रिपोर्ट नेऊ नका, वहीही न्या. आवडत्या पदार्थांची पानं उघडून डॉक्टरांसमोर ठेवा: हा एवढा खाल्ला, आधी इतकी, दोन तासांनी इतकी. मग विचारा, यातला कुठला आणखी थोडा वाढवता येईल.